दुर्गम कोणापासून?

शिडाच्या नौकेतून दूरची बेटे हिंडून आलेल्या माणसाच्या पुस्तकात एक प्रकरण हटकून असते. नांगर पडतो. किनाऱ्यावरून एक होडके येते, त्यात नारळ असतात आणि हसरी मुले असतात. संध्याकाळी गावप्रमुखाच्या घरी जेवण होते. या लोकांजवळ काहीही नाही, तरी ते आपल्यापेक्षा सुखी आहेत, असा साक्षात्कार लेखकाला होतो आणि दुसऱ्या दिवशी वारा अनुकूल असल्यामुळे नांगर उचलला जातो. बेटाचे नाव बदलते, प्रकरण बदलत नाही.

हे प्रकरण सुमारे अडीचशे वर्षे जुने आहे. बूगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी एप्रिल 1768 मध्ये ताहितीला जेमतेम नऊ-दहा दिवस राहिला आणि 1771 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने त्या बेटाचा स्वर्ग करून टाकला. त्यावर दिदरोने 1772 मध्ये एक खोचक 'पुरवणी' लिहिली (ती छापली गेली 1796 साली, त्याच्या मृत्यूनंतर). तीत ताहितीचा एक म्हातारा निघालेल्या पाहुण्याला चांगलेच खडसावतो. तुम्ही आलात तेव्हा आमचे बरे चालले होते, आता निघा, असा त्याच्या बोलण्याचा रोख. गंमत अशी की याच पुरवणीतले एक पात्र म्हणते, या म्हाताऱ्याच्या बोलण्याला युरोपचा वास येतो. म्हणजे पाहुण्याला झापणारा यजमानसुद्धा पाहुण्यानेच रचलेला, हे दिदरोला पक्के ठाऊक होते. त्याच्यानंतरच्या बहुतेक प्रवासलेखकांजवळ एवढाही प्रामाणिकपणा नाही.

आपल्याकडे यॉट नाही. (मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या असतात, पण त्यांचे मालक मराठीत लिहीत नाहीत.) आपल्याकडे चारचाकी आहे, शनिवार-रविवार आहे आणि कर्जत-खालापूर आहे. प्रकरण मात्र तेच. बदलापूर मागे पडते, पाऊस सुरू होतो, गाडी मुख्य रस्ता सोडते, आणि 'जगाच्या नकाशावर नसलेली' एक ठाकूरवाडी किंवा कातकरवाडी लागते. तिथे चुलीवरची भाकरी असते, तोंडाचे बोळके झालेली एक आजी असते आणि ती पैसे घेत नाही किंवा 'द्याल ते' घेते. लेखकाचा कंठ दाटून येतो. 'निरागस', 'अल्पसंतुष्ट', 'निसर्गाशी एकरूप' ही तीन विशेषणे पडली की लेख पुरा झाला. हीच मंडळी अंदमानला सेल्युलर जेलपुढे नतमस्तक होतात आणि दुसऱ्या दिवशी बाराटांगच्या ताफ्यात, जारवांच्या राखीव जंगलातून जाताना, कोणी 'दिसते' का म्हणून काचेला नाक लावतात. त्या रस्त्यावर जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत 2012 साली जगभर गाजली, तेव्हा आपण हळहळलो. त्या चित्रफितीत आणि आपल्या भाकरीच्या लेखात अंतर आहे, हे मी मान्य करतो. ते आपण समजतो तेवढे मोठे नाही.

माझे भांडण पर्यटनापेक्षा 'दुर्गम' या शब्दाशी आहे. दुर्गम कोणापासून?

बोरघाटातून रेल्वे 1863 साली वर चढली. खोपोलीचे वीजकेंद्र 1915 चे, कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचे 1922 चे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी या पायथ्याला आणून पाडले, त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरल्या आणि मुंबईत दिवे लागले. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे पाणी आज नवी मुंबई पिते, धरणही तिथल्या महापालिकेच्याच मालकीचे आहे, आणि त्यासाठी गावे उठली. द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. मुंबईचा उजेड, पाणी आणि पुण्याला जायची वाट जिथून येते, तो मुलूख शंभराहून अधिक वर्षे 'दुर्गम' राहतो कसा? तारा वाड्यांच्या डोक्यावरून गेल्या, पाणी पायाखालून गेले. अशा मुलखातली वाडी आपल्यापासून दूर कशी म्हणायची? आपल्या सोयीच्या अगदी मधोमध आहे ती. आणि मग आपण तिथे जाऊन, इथे अजून काही पोचले नाही, म्हणून आनंदाने लिहितो.

पावसाळ्याचेही तसेच. शहरी पाहुणा जातो जून ते सप्टेंबरात, धबधब्यांच्या दिवसांत. (अपघातांमुळे प्रशासन त्या काळात अनेक धबधब्यांवर बंदी घालते आणि आपण आडवाटेने जातो, ते सोडा.) वाडी त्याला भरलेली दिसते, कारण वर्षातून तेवढेच दिवस ती भरलेली असते. कातकरी कुटुंबांपैकी कित्येक दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळा हा त्यांच्या हाताला काम नसण्याचा काळ. याच काळात घरात दाणा नसतो, याच काळात भट्टीमालकाकडून उचल घेतली जाते आणि मग पुढचा सबंध हंगाम ती फेडण्यात जातो. आपण ज्याला हिरवा उत्सव म्हणतो तो त्यांच्या कर्जाचा हंगाम आहे. स्टेशनाबाहेर शेवळे आणि कंटोळी घेऊन बसलेली बाई आपल्या लेखात 'रानाचा खजिना' विकत असते. ती पहाटे किती वाजता निघाली आणि तिच्या टोपलीचे किती आले, हे लेखात नसते. आणि ज्या फार्महाउसच्या व्हरांड्यात बसून लेख लिहिला जातो, त्याच्या भिंतीतली वीट कोणी थापली, हा प्रश्न तर असभ्यच ठरेल.

फार्महाउसचा विषय निघालाच आहे. फिजीच्या बेटांवर आजही रीत आहे. नौका घेऊन आलेल्या माणसाने आधी गावप्रमुखापुढे यंगोना झुडपाची मुळे ठेवायची, त्याने ती स्वीकारली की मग किनाऱ्यावर हिंडायचे. तिथला समुद्रही परंपरेने गावाचा. या विधीचेही आता प्रदर्शन होत असेल, पण त्यातला अर्थ शिल्लक आहे. येऊ का, असे विचारावे लागते आणि नाही म्हणण्याचा हक्क यजमानाकडे असतो. कर्जतच्या कातकरवाडीला कोणाला नाही म्हणता येते? रायगड-ठाण्यातल्या कितीतरी कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत उभ्या आहेत. सातबारावर मालक वेगळा. जमिनीला भाव नव्हता तोवर वाडी कोणाला खुपत नव्हती. 'निसर्गाच्या कुशीत दुसरे घर' या जाहिराती आल्या, भाव चढला आणि वाडीवर हुसकावले जाण्याची टांगती तलवार आली. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांचे 2013 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक नेमके याच लढ्याविषयी आहे. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 पासून अधिक कडक झाली. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला तिचा काय उपयोग? तेव्हा आपल्या लेखातला तो हृद्य पाहुणचार नीट पाहावा. यजमानाच्या चुलीखालची जमीन यजमानाची नाही, आणि ती त्याच्या हातून कायमची जावी अशी परिस्थिती पाहुण्यांच्या गर्दीनेच आणली आहे.

यावर ठरलेले उत्तर असते: पर्यटनाने रोजगार मिळतो. मिळतो, नाकारत नाही. ट्रेकर मंडळींच्या जेवणावर काही घरांचे चार पैसे होतात आणि ते कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. पण रोजगार हा शब्द उच्चारला की बाकी सारे प्रश्न मिटतात, हे खरे नव्हे. याच कर्जत तालुक्यातल्या माथेरानमध्ये माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता आणि त्यालाही रोजगारच म्हणत होते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना पर्यायी साधन द्या, असा आदेश दिला. देशाला राज्यघटना मिळून पंचाहत्तर वर्षे उलटली होती. त्या रिक्षात बसून काढलेली छायाचित्रे कितीतरी घरांच्या अल्बमांत असतील.

दुसरे उत्तर जरा अधिक गंभीर आहे: मग लिहायचेच नाही का? बाहेरच्याने आतल्याविषयी बोलूच नये का? असे मी म्हणत नाही. स्टीव्हन्सनही 1888 साली 'कॅस्को' नावाची यॉट भाड्याने घेऊनच मार्केझास बेटांवर उतरला होता. पण त्याला तिथे स्वर्गाऐवजी मरत चाललेली लोकसंख्या दिसली, तिची तुलना त्याने आपल्या स्कॉटिश डोंगराळ मुलखाच्या वाताहतीशी केली, आणि पुढे सामोआत घर करून 1892 मध्ये जर्मन, इंग्रज व अमेरिकन अधिकाऱ्यांच्या कारभाराचे वाभाडे काढणारे पुस्तक लिहिले. दूर कशाला, गोदावरी परुळेकर ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये गेल्या त्या वेठबिगारीविरुद्ध संघटना बांधायला. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक 1970 साली आले, म्हणजे अनुभवानंतर कितीतरी वर्षांनी. त्यात वारली निरागस नाहीत. ते भितात, चिडतात, हिशेब मागतात. बाहेरून आलेल्या बाईने लिहिलेले ते मराठीतले एक श्रेष्ठ पुस्तक आहे, कारण तिच्या लेखी ती माणसे एका व्यवहारातला गांजलेला पक्ष होती आणि त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे ती कधी लपवत नाही. आपल्या वीकएंडलेखकाचे नेमके हेच टोक गाळलेले असते.

गाळण्याची किंमत काय, ते इर्शाळवाडीने दाखवले. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकरांची वाडी, लोकवस्ती सव्वादोनशेच्या घरात. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड तिच्यावर आली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे अवजड यंत्रे पोचली नाहीत. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर चालले नाही. माणसांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. मदतीला चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी दगावले. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसे मिळाली नव्हती. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. पहिल्या मदतीत डोंगर भटकणारी मंडळीही धावली, हे नोंदवलेच पाहिजे. पण त्याआधीची कितीतरी वर्षे त्यांच्यातलेच शेकडो जण दर पावसाळ्यात त्या वाडीतून वर गेले होते. रस्ता नाही, हे त्यांना ठाऊक होते, किंबहुना म्हणून तर ते जात होते. वाडीच्या वरचा डोंगर त्यांनी शासनाच्या कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला होता.

इर्शाळगडाची ती जुनी वर्णने शोधून वाचा. सुळक्यातल्या नेढ्याचे वर्णन त्यांत आहे, वरून दिसणाऱ्या मोरब्याच्या जलाशयाचे आहे, कातळटप्प्यावर दोर लागतो की नाही याची चर्चा आहे. वाडी येते ती वाटेवरची खूण म्हणून: पायथ्यापासून वाडीपर्यंत इतका वेळ, वाडीपासून सुळक्यापर्यंत इतका, आणि सांगून ठेवल्यास जेवणाची सोय होते.