वाचलेल्यांची हजेरी घ्या!

2021 सालच्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हे दोन शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत ज्या धास्तीने उच्चारले जात होते, त्या धास्तीची आठवण आता पुसट होत चालली आहे. संकट ओसरले की समाज ते विसरतो, आणि विसरतो म्हणूनच पुन्हा कामाला लागतो. त्याबद्दल समाजाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना ते संकट रोज सकाळी आरशात दिसते, त्यांनी ते कसे विसरावे? आणि त्यांच्या वतीने ते लक्षात ठेवण्याची ज्यांची जबाबदारी, त्या शासनाने तरी ते का विसरावे? आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे तो हाच प्रश्न.

प्रथम थोडा हिशेब. त्या वर्षीच्या 20 मे रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने म्युकरमायकोसिस हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरवावा असे सर्व राज्यांना कळविले. जुलैच्या मध्यापर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रोगी आणि 4 हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी 9 हजारांहून अधिक रोगी एकट्या महाराष्ट्रात होते. इतके अन्य कोणत्याही राज्यात नव्हते. आम्ही एके काळी शाळेत मुलांना वजाबाकी शिकवीत असू. रोग्यांच्या आकड्यातून मृतांचा आकडा वजा केला तर काय उरते, हे चौथीतले मूलही सांगेल. पुढे त्यांतले आणखी काही दगावले असतील. तरीही हजारो माणसे उरतात. त्या उरलेल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. सरकारी गणित वजाबाकीच्या अलीकडेच थांबले.

हा रोग काही परदेशातून आलेला पाहुणा नव्हता. त्याचे वैद्यकीय वर्णन पाल्टाउफ या वैद्याने 1885 सालीच केलेले आहे. या बुरशीचे बीजाणू शेणखतात, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर आणि धुळीत नित्य असतात. शिरूर-दौंडकडचा शेतकरी ते जन्मभर श्वासाबरोबर आत घेतो आणि त्याला काही होत नाही. पण रक्तातील साखर बेसुमार वाढली आणि त्यातच स्टेरॉइडांनी प्रतिकारशक्ती दबली, म्हणजे त्याच बीजाणूंना नाकाच्या पोकळीत अंकुर फुटतो. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठते, आणि त्यापुढचे मांस व हाड पोषणावाचून मरून काळे पडते. ते काळेपण बुरशीचे नसते, मेलेल्या मांसाचे असते. असे मेलेले टाळू, जबडा, दात आणि पुष्कळदा डोळादेखील कापून काढल्याखेरीज प्राण वाचत नाही.

स्टेरॉइड हे शत्रू होते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. जून 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने दाखवून दिले होते की, ज्या कोविड-रोग्यांना प्राणवायू द्यावा लागतो त्यांना डेक्सामेथासोनने जीवदान मिळू शकते. मात्र त्या चाचणीतले प्रमाण होते रोज 6 मिलिग्रॅम, आणि तेही फार तर 10 दिवस. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्या औषधाचा लाभ दिसला नव्हता. दुसऱ्या लाटेच्या भयात हा विवेक पुष्कळ ठिकाणी सुटला. खाटा नव्हत्या, डॉक्टर थकले होते, नातेवाईक घाबरले होते; अशा वेळी कोणा एकाकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते उपयोगाचे नाही.

आता शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांकडे वळू. एका तालुक्याच्या उशाला घोडनदी, दुसऱ्याच्या उशाला भीमा. एकीकडे रांजणगावचे कारखाने, दुसरीकडे कुरकुंभचे. आणि दोहोंत ऊस. दौंडचा रोगी आगगाडीने पुणे स्टेशनावर उतरला, तर ससून रुग्णालय चालत जाण्याइतके जवळ पडते. शिरूरला रेल्वे नाही. तेथील रोग्याला एस.टी.ने नगर रस्त्याची गर्दी कापीत यावे लागते. या तालुक्यांतील ज्या घराचे चित्र आम्ही पुढे काढीत आहोत, ते कोणा एका कुटुंबाचे नाही. पण ज्या ज्या घरात हा रोग येऊन गेला, तेथील माणसे ते वाचताना मान डोलावतील अशी आमची खात्री आहे.

त्या घराने 2021 च्या मे-जूनमध्ये अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी कोठे कोठे धाव घेतली असेल, ते आठवून पाहावे. किलोमागे रोज 5 मिलिग्रॅम या मानाने साठ किलो वजनाच्या माणसास 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या दररोज लागत, आणि अशा कित्येक आठवडे. कुपीची किंमत हजारांत होती, आणि पैसे हाती असूनही कुपी मिळत नव्हती. शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. वर्ध्यास हे औषध तयार होऊ लागले. 12 जूनला जी.एस.टी. परिषदेने त्यावरील कर माफ केला. राज्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या रोगाचा समावेश केला. पण त्या वेळी योजनेची मर्यादा दीड लाखाची होती, आणि रोगाला मर्यादा नव्हती. मधले अंतर दागिन्यांनी, शेताच्या तुकड्याने आणि हातउसन्याने भरून निघाले.

आणि मग रोगी घरी आला. शेजारीपाजारी म्हणाले, ‘‘वाचला बिचारा!’’ वृत्तपत्रांची बातमीही येथेच संपली. त्यात आमचाही दोष आहेच. कुटुंबाची खरी परीक्षा मात्र येथून सुरू झाली. टाळूला भोक पडले म्हणजे पाणी पिताना ते नाकावाटे बाहेर येते. बोललेले शब्द नाकात घुमतात आणि परक्या माणसास कळत नाहीत. त्यावर उपाय आहे. कवळीसारखी एक प्लेट टाळूवर बसवितात. तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती नीट बसली की माणूस जेवू शकतो, बोलू शकतो. पण जखम भरत जाते तसा पोकळीचा आकार बदलतो आणि प्लेट पुन्हा करावी लागते. पुढेही ती झिजते, सैल होते. दरवेळी शहर गाठावयाचे, दरवेळी एक दिवसाची मजुरी बुडवावयाची. सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत आहेत. दौंडच्या उसाच्या फडातून ती जवळ नाहीत.

एक डोळा गेलेल्या माणसाला अंतराचा अंदाज चुकतो. कारखान्यात यंत्रापुढे उभे राहणे त्याला जपून करावे लागते. उसात शिरताना पात्याची धार उरलेल्या डोळ्याला लागेल ही धास्ती घरच्यांना असते. घरची बाई भाकरी दुधात कुस्करून देते, इन्शुलिनची सुई टोचते, फोन आला की नवऱ्याचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगते. ती केव्हा त्याची परिचारिका झाली आणि केव्हा दुभाषी झाली, हे तिचे तिलाही कळले नसेल. पुढे मुलीचे लग्न निघते, आणि बाप मांडवात पुढे यायला नको म्हणतो. मुखपट्टी आपण सर्वांनी केव्हाच काढून टाकली. त्याने ती अजून उतरवलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, अपंगांसाठी कायदा आहे, सवलती आहेत. त्याने प्रमाणपत्र काढावे. येथेच खरी मेख आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार सांगितले आहेत. पण नोकरीतील राखीव जागा असो की एस.टी.ची सवलत असो, खऱ्या लाभांचे दार 40 टक्क्यांना उघडते. आणि एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला आहे, तर तक्त्याप्रमाणे ते अपंगत्व भरते 30 टक्के! चेहऱ्याचा अर्धा भाग गेला, त्याचे काय? कायद्याने अॅसिड-हल्ल्यात विद्रूप झालेल्यांना योग्य तेच संरक्षण दिले आहे. पण रोगाने तसाच चेहरा नेला तर त्या माणसासाठी कायद्यात रकानाच नाही. घाव घालणारा हात माणसाचा नव्हता, एवढाच काय तो त्याचा अपराध.

रेषा कोठेतरी ओढावीच लागते, ती ढिली केली तर खऱ्या गरजूंच्या पानातले जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो आम्हांस मान्य आहे. पण रेषा न हलविताही न्याय करता येतो. एकाहून अधिक अपंगत्वे असतील तर ती एकत्र मोजण्याचे सूत्र नियमांतच दिलेले आहे. डोळ्याचे 30 टक्के धरले आणि टाळू गेल्यामुळे आलेला वाचादोष तपासणीत, समजा, 20 टक्के भरला, तर त्या सूत्राप्रमाणे बेरीज 43 टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे दार उघडते. मात्र त्यासाठी डोळ्याबरोबर वाचाही तपासली पाहिजे, आणि तशी मागणी करता येते हे रोग्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. आज ते सांगणारा कोण आहे?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि साध्या आहेत. हा रोग नोंदणीयोग्य होता. म्हणजे रोग्यांची नावे सरकारदप्तरी एकदा लिहिली गेलेली आहेत. ती दप्तरे उघडून तालुकावार यादी करावी, आणि आरोग्यसेविकेने त्या प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरावीक दिवशी कृत्रिम प्लेट बसविणारा दंतवैद्य यावा आणि प्लेट, कृत्रिम डोळा व त्यांची पुढची दुरुस्ती योजनेच्या खर्चात असावी. वैद्यकीय मंडळांनी या रोग्यांची दृष्टी आणि वाचा दोन्ही तपासून एकत्रित प्रमाणपत्र द्यावे. आणि रोगाने आलेल्या चेहऱ्याच्या विद्रूपतेस कायद्यात स्थान मिळावे, म्हणून महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत आवाज उठवावा. सर्वाधिक रोगी ज्या राज्यात झाले, त्या राज्याचे ते कर्तव्यच आहे.

याखेरीज एक गोष्ट आहे, आणि ती आपणा सर्वांना लागू आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेह्यांचा अंदाज 10 कोटींवर नेला आहे. त्यांतल्या कित्येकांना आपल्याला हा रोग आहे हेच ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली घातक बुरशींची जी यादी केली, तीत या बुरशीला वरच्या गटात स्थान दिले आहे. कोविड गेला, बुरशी मातीत आहे तेथेच आहे, आणि साखर आपल्या रक्तात आहे. वर्षातून एकदा साखर तपासून घेणे आणि डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइड न घेणे, हे प्रत्येक वाचकाच्या हातचे आहे.

शाळेत हजेरी घेताना आमचा एक नियम असे. ज्याचा आवाज बारीक, त्याचे नाव पुकारल्यावर क्षणभर अधिक थांबावयाचे. शिरूर-दौंडच्या आणि महाराष्ट्राच्या गावोगावच्या ज्या घरांबद्दल आम्ही लिहिले, तेथील माणसे ‘हजर’ म्हणतील तेव्हा त्यांचा शब्द अस्पष्टच येईल. तो कान देऊन ऐकण्याची जबाबदारी हजेरी घेणाऱ्याची आहे. पण त्यासाठी आधी त्यांची नावे तरी पुकारली गेली पाहिजेत!