कल्पनेला खोली लागते

घरून काम करण्याची पद्धत २०२०च्या टाळेबंदीत सक्तीने आली आणि टाळेबंदी उठल्यावरही पुरती गेली नाही. तिच्याविषयीची चर्चा मात्र अद्याप दोनच सुरांत चालते. व्यवस्थापन म्हणते, माणसे एकत्र आल्याशिवाय नवे काही सुचत नाही. कर्मचारी विचारतो, काम वेळेवर होत असताना हजेरीचा आग्रह कशाला? आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.

मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचे या विषयावरील संशोधन २०२२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत ६०२ जणांच्या जोड्या पाडून त्यांना एखाद्या साध्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवण्यास सांगितले गेले. काही जोड्या एका खोलीत बसल्या, काही व्हिडिओवरून बोलल्या. भारतासह पाच देशांतील एका कंपनीच्या १,४९० अभियंत्यांच्या बाबतीतही असाच पडताळा घेतला गेला. समोरासमोर बसलेल्यांना अधिक कल्पना सुचल्या. मात्र सुचलेल्यांतून उत्तम कल्पना निवडण्यात पडद्यावरच्या जोड्या मागे पडल्या नाहीत. याचे कारण संशोधकांना नजरेत सापडले. पडद्यावर बोलणारा समोरच्या चेहऱ्याला खिळून राहतो. खोलीत बसलेल्याची दृष्टी भिंतीकडे, खिडकीकडे भटकते आणि तिच्यामागोमाग मनही भटकते.

अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन बैठकांत आम्हां प्राध्यापकांनाही हेच जाणवत आले आहे. विषयपत्रिका वेळेत संपते, मसुद्यातील चुका चोख निघतात. पण लोकसाहित्याच्या पेपरात एखादे आधुनिक नाटक लावून पाहावे काय, असा आगंतुक प्रश्न कोणी टाकत नाही. तो एरवी चहाच्या वेळी निघायचा. आवाज बंद ठेवून बसलेल्याला अर्धवट विचार बोलून दाखवण्यासाठी आधी कळ दाबावी लागते, आणि तेवढ्या वेळात तो विचार त्याचा त्यालाच पोरकट वाटू लागतो.

दुसरी बाजूही आमच्याच वाङ्मयव्यवहारात आहे. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचा लेखकांशी चालणारा पत्रव्यवहार सर्वश्रुत आहे. कथेचे बीज लेखकाचेच असे. तिची पारख आणि घडण टपालानेही होत असे. अशा कामाला अंतर मानवते. किंबहुना सवडीने लिहिलेले पत्र घाईच्या बोलण्याहून उपकारक ठरते.

म्हणूनच सृजनशीलतेचे नाव पुढे करून सर्वांना रोज कार्यालयात बोलावणे आम्हांस अन्यायाचे वाटते. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातील दोन दिवस घरून काम करू दिल्याने नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरी घसरली नाही. हा परिणाम विशेषतः स्त्रिया, लांबून येणारे आणि अधिकारपदावर नसलेले कर्मचारी यांच्यात दिसला. सरसकट सक्तीची किंमत प्रथम तेच मोजतात.

एकत्र जमण्याचे दिवस थोडे असावेत. पण ते नवे सुचण्यासाठी राखलेले असावेत. त्या दिवशी विषयपत्रिका आखूड आणि चहाची वेळ लांब असावी. निवड, लेखन, तपासणी ही कामे ज्याने त्याने आपल्या घरी करावीत. लोकलमध्ये दीड तास उभे राहून कार्यालयात पोहोचलेल्या माणसाला तेथेही पडद्यावरच्याच बैठकीला बसवायचे असेल, तर त्याला बोलावण्याचा हेतू सृजन नसून पहारा आहे, असेच म्हणावे लागेल.