ताण आणि बहार

मार्च महिन्यात नागपूरकराला वसंत ऋतूबद्दल विचारलंत तर तो आधी कूलरबद्दल बोलेल. खस बदलायची, पंप तपासायचा, वगैरे. आपल्याकडे वसंत येतो तोच मुळी घाईत. पळस पेटतो, कडुनिंबाला कोवळी लालसर पालवी फुटते, आणि आपण मात्र कॅबमध्ये मान खाली घालून मोबाईलवर! वीस वर्षं नोकरीत मी तरी तसाच होतो.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "ताण कमी करा." मी हसलो. रिलीज तोंडावर आलं होतं. ताण कमी करायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

उत्तर मिळालं ते काटोलला, मामाजींच्या संत्र्याच्या बागेत. संत्र्याचे दोन मुख्य बहार. पावसाळ्याच्या तोंडावर मृग आणि हिवाळा सरता सरता आंबिया. आंबिया धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतातही. यालाच 'ताण देणे' म्हणतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. मामाजी म्हणाले, "ताण तं द्याच लागते रे बाबू. पण मंग पानी सोडाचं इसरलं तं झाड वाळते."

घ्या! माझ्याकडे ताण भरपूर होता, पाणीच नव्हतं.

पहिलं पाणी पुस्तकांचं. बर्डीवर जाऊन वाचनालयाचं कार्ड काढलं. कॉलेज सुटल्यापासून तांत्रिक सोडून काही वाचलंच नव्हतं. हाती लागलं दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. वर्षातल्या बारा महिन्यांवरचे ललित लेख. रोज रात्री दोन-तीन पानं, त्याहून जास्त नाही. महिन्याभरात फरक एवढाच पडला की ऑफिसच्या वाटेवर पळस आहे, हे मला कळलं. तो तिथे वर्षानुवर्षं होता म्हणे. :)

दुसरं पाणी गाण्याचं. बाबांची पेटी माळ्यावर पडून होती. "रिटायर झालो की शिकणार," असं ते आयुष्यभर म्हणाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि दोन वर्षांत गेले. पेटी उघडली तेव्हा भाता उंदरांनी खाल्ला होता. ती दुरुस्त करून घेतली आणि शेचाळिसाव्या वर्षी गाण्याच्या क्लासला जाऊन बसलो. शेजारी चौथी-पाचवीतली पोरं आणि शिकवणाऱ्या ताई वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिले तीन महिने नुसता सा. मी मोबाईलवर सुराचा आलेख दाखवणारं ॲप लावलं, भातखंड्यांची क्रमिक पुस्तकंही आणली. ताई म्हणाल्या, "काका, पुस्तक राहू द्या, मोबाईल तेवढा बंद करा. आधी कान उघडा." अप्रेझलमध्ये इतकं खरं मला कधी कुणी बोललं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. "शिकायला कधीच उशीर झालेला नसतो" हे वाक्य आपण फार स्वस्तात फेकतो, आणि पुरावा म्हणून वसंतराव देशपांड्यांचं नाव घेतो. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं १९६७ साली. नाटक लिहिलं आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेनं वसंतराव घराघरांत पोचले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी वीसहून जास्त वर्षं सैन्याच्या हिशेब खात्यात नोकरी. म्हणून लोक म्हणतात, बघा, उशिरा सुरुवात करूनही!

साफ चूक. त्यांची सुरुवात उशिरा नव्हतीच. लहानपणीच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे ते शिकले, आणि कारकुनीच्या त्या सगळ्या वर्षांत गाणं सोडलं नाही. नोकरीचा ताण होता, पण पाणी तुटलं नव्हतं. उशिरा आला तो बहार.

माझं तसं नाही. माझा उशीर खराच आहे. श्वास पुरत नाही, तार सप्तक दिसतं पण हाती येत नाही. मी गायक होणार नाही. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी मी एका खोलीत बसतो, जिथे माझं डेसिग्नेशन चालत नाही आणि चुकलो तरी कुणाचं प्रॉडक्शन बंद पडत नाही. बीपीची गोळी चालूच आहे, चमत्कार वगैरे काही झालेला नाही. फक्त सोमवारची सकाळ आता अंगावर येत नाही.

तुम्ही पंचविशी-तिशीत आहात. "आधी घराचा ईएमआय संपू दे, मग बघू," असं म्हणत असाल. ईएमआय संपेल हो, पण भात्याचं काय? दिवसाला दोन पानं आणि अर्धा तास सा, एवढं पाणी कुठल्याही डेडलाईनमध्ये बसतं. बहार केव्हा येईल ते झाडाला ठरवू द्या.

असो. गेल्या शनिवारी ताईंनी बहार रागाची सरगम सांगितली. मी मामाजींना फोन करून म्हटलं, बहार आला! ते म्हणाले, "आमच्याइकडं तं फुलं गळून फळं धरले बी."

उशीर तर झालाच आहे. चला, रियाजाला बसतो.