हे काम जादा तासिकेचे नाही

नव्या वर्षाचा कार्यभार वाटताना अनेक शाळांत 'विद्यार्थी समुपदेशन' हा रकाना शेवटपर्यंत मोकळा राहतो. मग ज्यांच्या तासिका कमी भरतात अशा एखाद्या शिक्षकाचे नाव तिथे टाकले जाते आणि तपासणीपुरते काम भागते. तो रकाना असा भरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक. दहावी-बारावीच्या निकालाच्या आसपास येणाऱ्या बातम्यांमुळे परीक्षा हेच कारण अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात अठरा वर्षांखालील मुलांच्या नोंदींत घरगुती समस्यांचे कारण सर्वांत पुढे दिसते. शिवाय एकाच कारणाने असे पाऊल उचलले जाणे विरळच. घरातली भांडणे, छळ, आजारपण, अपमान, नैराश्य यांची गाठ आतल्या आत घट्ट होत जाते. त्यामुळे फेब्रुवारी ते मे एवढ्यापुरती सावधगिरी पुरत नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी १५ निर्देश दिले. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांनुसार वेगळ्या तुकड्या करणे आणि चारचौघांत मानहानी करणे शक्यतो टाळावे. निर्देश स्पष्ट आहेत, पण कागदावर ते पाळणेही तितकेच सोपे आहे. एका शिक्षकाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले, दर्शनी भागात फलक लावला, की अहवाल तयार.

अशा अंमलबजावणीने काय साधते, हे संशोधनाने आधीच दाखवले आहे. गोव्याच्या 'संगत' या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' हा प्रयोग केला. काही शाळांत बाहेरून आलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्याकडे काम सोपवले, तर काहींत तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे. परिपाठात बोलणे, भित्तिपत्रक, मुलांच्या तक्रारींची पेटी, गटचर्चा, एकेकट्याशी संवाद असे उपक्रम दोन्हीकडे सारखेच होते. जिथे स्वतंत्र कार्यकर्ता होता तिथे शाळेचे वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

याच नियतकालिकात २०१५ मध्ये आलेला युरोपातील दहा देशांचा अभ्यासही इथे आठवतो. १६८ शाळांतील ११,११० मुलांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. केवळ शिक्षकांना धोक्याची चिन्हे शिकवल्याने उल्लेखनीय फरक पडला नाही. मुलांनाच भूमिकानाट्य आणि चर्चेतून ताण, नैराश्य आणि मदत मागणे यांविषयी बोलते केले, तिथे वर्षभरातील आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी राहिले.

याचा अर्थ शिक्षक कमी पडले, असा मुळीच नाही. बीएलओचे काम, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि अभ्यासक्रम सांभाळून उरलेल्या वेळात कोणी मुलाचे मन कसे ऐकावे? शिवाय जो गुण देतो आणि रागावतो, त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलालाही अवघड जाते. म्हणून समुपदेशनासाठी त्याच कामाचा स्वतंत्र माणूस हवा. पद मंजूर होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. संस्थाचालकांनी तीन-चार शाळांत मिळून एक समुपदेशक नेमावा. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांनी केंद्रप्रमुखांमार्फत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी आणि किशोरवयीनांसाठीच्या जवळच्या मैत्री क्लिनिकशी जोडून घ्यावे. तिथल्या माणसाचे नाव आणि फोन क्रमांक आधीच माहीत असले पाहिजेत.

तरीही वर्गशिक्षकाचे स्वतःचे असे काम उरतेच. बोलके मूल गप्प झाले, मित्रांपासून तुटले, आवडत्या वस्तू वाटू लागले, 'मी नसलो तरी काय फरक पडतो' असे म्हणू लागले, तर ते अंगावरून जाऊ देऊ नये. बाजूला घेऊन शांतपणे थेट विचारावे, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. मूल 'हो' म्हणाले तर उपदेश करू नये, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये आणि त्याला एकटे सोडू नये. समुपदेशकाला व पालकांना लगेच कळवावे. घरातच अत्याचार होत असल्याचे कळले तर १०९८ या चाइल्डलाइनची मदत घ्यावी आणि तो लैंगिक असेल तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावे.

एखाद्या शाळेवर विद्यार्थ्याच्या आत्महत्येचा आघात झालाच, तर कसे झाले याची चर्चा, अफवा आणि मोबाइलवरची छायाचित्रे थांबवणे हे पहिले काम. त्या मुलाचे जवळचे मित्र, भावंडे आणि वर्गशिक्षक यांच्याकडे पुढचे कित्येक आठवडे लक्ष ठेवावे लागते.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच शिक्षकसभेत तीन निर्णय घ्या. हुशारांची 'अ' आणि ढ मुलांची 'ड' ही तुकड्यांची वाटणी बंद करा. शाळेतल्या प्रत्येकाला, शिपाईकाका आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही, अडचणीतल्या मुलाबद्दल कोणाला सांगायचे ते माहीत करून द्या. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. तो शिक्षकांसाठीही आहे. गरज पडली तर तुम्हीही फोन करा.