गाऊनला खिसा हवा!

परळच्या एका चाळीत गेल्या मे महिन्यात जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली : 'महिलांनी गाऊनवर फाटकाबाहेर जाऊ नये. आपल्या संस्कृतीचे भान ठेवावे.' त्याच फळ्याखाली कमिटीचे दोन सभासद बनियन आणि अर्ध्या चड्डीवर कॅरम खेळत बसले होते. त्यांच्या संस्कृतीला वारा चांगला लागत होता, एवढंच म्हणते.

मैत्रिणींनो, ही फक्त पुरुषांची खोडी असती तर मी लिहायला बसले नसते. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात, गाऊन घालून हिंडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड, असा फलक लागला. तो लावला होता महिला मंडळाने! २०१८ मध्ये आंध्रातल्या तोकलपल्ली गावात सकाळी ७ ते संध्याकाळी ७ नाइटी बंद केली गेली. दंड २००० रुपये, आणि चुगली करणाऱ्याला १००० रुपये बक्षीस. उकाड्यात बाईने काय घालावं याची एवढी किंमत ठरवणाऱ्यांनी तिच्या घरात वारा कुठून येतो हे कधी विचारलं आहे का?

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात चूल, मोरी, माळा, सासरे, मुलं. पहाटे पाणी भरायचं, संडासाला गॅलरीच्या टोकाला जायचं, डबे करायचे, धुणं वाळत घालायचं. एप्रिल-मेची आणि ऑक्टोबरची दमट हवा अशी की घाम सुकतच नाही. यात बाईने अंगावर काय घ्यायचं? घट्ट पोलकं, परकर आणि साडेपाच मीटर साडी. कमरेला नाडी करकचून आवळायची, नाहीतर निऱ्या सुटतात. त्या नाडीचा काळा वळ आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकीच्या कमरेवर आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची नोंद केली. वर्षानुवर्षं एकाच जागी नेसू आवळल्यामुळे झालेली जखम चिघळून तिथे त्वचेचा कर्करोग झाला होता. असं क्वचितच होतं, घाबरायचं कारण नाही. पण खाज, काचणं, घामोळं हे रोजचंच, आणि ते कुणी दुखणं म्हणून मोजतच नाही.

गाऊन हा या सगळ्यावर बायकांनी स्वतः शोधलेला उपाय आहे. कुठल्याही परिषदेत ठराव झाला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. एकीने घातला, शेजारणीने पाहिला. सासवांनी आधी नाकं मुरडली, मग त्यांनीही घातला. आम्ही कार्यकर्त्या मात्र याकडे बघून हसलो. हातमागाचा कुडता घालून वस्तीत यायचं आणि गाऊनवर ओढणी टाकून बैठकीला आलेल्या बाईला 'जरा नीट तयार होऊन येत जा' म्हणायचं. हे मी स्वतः म्हटलेलं आहे. ती बाई पुढचे दोन महिने आली नाही.

दुसरी चूकही माझीच. एम.एस.डब्ल्यू. करून आले तेव्हा शिवणवर्ग म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. बायकांना पुन्हा सुई-दोऱ्यातच अडकवायचं का, असं मी तावातावाने विचारायचे. सुईत दोष नाही हे उशिरा कळलं. शिवायचं काय आणि कुणासाठी, हे वर्गात कधी ठरतच नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या घराघरांत चूल बायकांच्या फॉल-बीडिंगवर, डब्यांवर पेटली. आजही इथल्या बायका डझनाच्या भावाने गाऊन शिवतात. झालर लावायची, लेस लावायची, दोरा आपला, वीज आपली. खिसा मात्र व्यापारी लावू देत नाही, वेळ जातो म्हणून. आणि कापड पॉलिस्टरचं! ज्या परळ-लालबागमधून सुती कापडाचे तागेच्या तागे बाहेर पडले, तिथल्याच बाईच्या अंगाला आज सूत लागत नाही.

म्हणून या उन्हाळ्यात आमच्या गटाने स्वतःसाठी शिवायला घेतलं. गाऊनही नाही आणि पंजाबी ड्रेसही नाही. पुरुषाचा शर्ट पोटरीपर्यंत लांब केला तर जसा दिसेल तसा झगा. ३६ इंची पन्ह्याचं सुती पॉपलिन, तीन मीटर. गडद किंवा बारीक छापाचं घ्यावं, म्हणजे आरपार दिसत नाही आणि वर ओढणीची गरज राहत नाही. कापड आधी भिजवून वाळवायचं, सूत आटतं. छाती ३८ असेल तर झगा ४६ चा कापायचा. ही आठ इंच ढिलाई ऐकून प्रत्येक बाई म्हणते, 'अगं, तंबू होईल!' होऊ दे. टक्स नाहीत, कमरेला काही नाही. मुंढा खोल, बाही कोपरापर्यंत, पुढे बटणपट्टी. अंगावर पाजणाऱ्या बाईला ती फार सोयीची. गुडघ्यापासून खाली दोन्ही बाजूंना कट, म्हणजे जिना चढताना पाय अडकत नाही. शेजारच्या काका लोकांनी काही म्हणू नये म्हणून कॉलर! ही सूचना साठीतल्या एका मावशींची. 'कॉलर असली की तो कपडा हापिसातला वाटतो,' त्या म्हणाल्या. मला कॉलर नको होती, मानेला गरम होते. पण मावशी जिंकल्या.

आणि खिसे, दोन, हात मनगटापर्यंत आत जाईल इतके खोल. पन्ह्याच्या कडेला उरलेल्या पट्टीतून निघतात, जास्तीचं कापड लागत नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या कपड्याला का नव्हती? पैसे पोलक्यात, नाहीतर नवऱ्याच्या खिशात. किल्ली पदराच्या गाठीत. पहिला झगा तयार झाला तेव्हा एकीने खिशात हात घातला आणि ती तशीच गॅलरीत जाऊन उभी राहिली. काय ठेवणार खिशात, असं विचारलं तर म्हणाली, 'काही नाही. नुसता हात.'

आता काही मैत्रिणी विचारतील, बलात्कार, हुंडा, घरभाडं हे सगळं सोडून झग्याचं काय घेऊन बसलात? मी विचारते, फाटकाबाहेर जायला जिला कमिटीची परवानगी लागते, ती पोलीस चौकीपर्यंत कशी पोचणार?

सूचना अजून फळ्यावर आहे. कमिटीची सभा दिवाळीनंतर आहे. अकरा झगे तयार आहेत, सात जणींची काजं राहिली आहेत. ती हातानेच करावी लागतात, तेव्हा ज्यांना काजं येतात त्यांनी गुरुवारी दुपारी यावं. नवीन मापं द्यायची असतील तर कापड धुऊन आणावं.