नवजाताची कावीळ : फोनने ओळखली, पुढे काय?

मुदतीत जन्मलेल्या दर १० बाळांपैकी सुमारे सहा बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. मात्र रक्तातील बिलिरुबिन फार वाढून मेंदूपर्यंत पोहोचले, तर बहिरेपणा, सेरेब्रल पाल्सी, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. वेळेत निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यास हे बहुतांशी टळते. म्हणूनच खरा प्रश्न वेळेत ओळखण्याचा आहे.

त्वचेचा पिवळेपणा सावळ्या वा काळ्या वर्णावर सहज कळत नाही. त्वचेवर टेकवून मोजणारे उपकरण हजारो पौंडांचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी त्यामुळे डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे लक्ष वळवले. तेथे त्वचेच्या रंगद्रव्याचा अडथळा नसतो. त्यांचे 'निओएससीबी' हे ॲप स्मार्टफोनने टिपलेल्या छायाचित्रातील पिवळ्या छटेवरून बिलिरुबिनचा अंदाज बांधते. घानातील डॉक्टरांच्या साथीने तेथे ३३६ नवजातांवर त्याची चाचणी झाली. तीव्र कावीळ असलेल्या ७९ बाळांपैकी ७४ बाळे ॲपने अचूक हेरली.

उरलेली पाच बाळे मात्र निसटली. ॲप चाळणी लावते, निदान करत नाही. 'धोका नाही' हा त्याचा निर्वाळा अंतिम मानता येणार नाही. शिवाय फोनने इशारा दिल्यावर रक्ततपासणीची सोय आणि प्रकाशोपचाराचे यंत्र जवळ नसेल, तर हाती केवळ चिंता उरते. स्वस्त चाळणीचे यश त्यामागच्या महागड्या व्यवस्थेवरच अवलंबून आहे.

हा विषय ब्रिटनमधील मराठी घरांनाही परका नाही. केवळ नजरेने बिलिरुबिनचा अंदाज करू नये, असे येथील 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. वर्णभेदामुळे नवजातांच्या तपासणीत राहणाऱ्या त्रुटींकडे एनएचएसच्या वंश व आरोग्य वेधशाळेने २०२३ मध्ये लक्ष वेधले होते. बाळंतिणीच्या खोलीत आजीचा 'कोवळे ऊन दाखवा' हा सल्ला मायेचा असला, तरी तो उपचार नव्हे. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, बाळ मलूल झाले किंवा दूध ओढेनासे झाले, तर ॲपची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठणे हेच शहाणपण.

फोन बाळाचा डोळा पाहू शकतो; बाळाकडे पाहण्याची जबाबदारी मात्र व्यवस्थेची आणि घराचीच राहते.