विश्वासाची बोली

बँकेच्या चॅटबॉटचा स्वीकार ग्राहक का करतो, हा प्रश्न आजवर व्यवस्थापनशास्त्राचा मानला गेला. फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधील मांडणीनुसार नवे तंत्रज्ञान दोन गोष्टींमुळे रुजते: ते उपयुक्त वाटते आणि वापरायला सोपे वाटते. पुढील अभ्यासकांनी त्यात विश्वास, जोखमीची भीती आणि भोवतालच्या माणसांचा प्रभाव यांची भर घातली. ही मांडणी आम्हांस अमान्य नाही. मात्र हा प्रश्न भाषेचाही आहे आणि म्हणून तो आपल्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

किल्लारीचे उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने हे गाव उद्ध्वस्त केले. पुढे ते नव्या जागी वसले. घरच कोसळले की कागदही ढिगाऱ्याखाली जातो, आणि कागद गमावलेल्या माणसाची ओळख पटवायला ओळखणारा माणूसच लागतो. अशा परिसरात पैशाचा विश्वास हा माणसाच्या तोंडओळखीवर उभा असला, तर त्यास मागासलेपण म्हणता येणार नाही.

येथील शेतकरी बँकेत 'पृच्छा' करीत नाही. तो म्हणतो, "औंदा सोयाबीन पाण्यात गेलं, इम्याचं पैसं आलं का बगा की." या एका वाक्यात वर्षाची हकिकत आहे, दुःख आहे आणि प्रश्नही आहे. त्यातील 'इमा' तेवढा उचलून यंत्राने नव्या विमा योजनांची यादी पुढे केली, तर तो माणूस पुन्हा त्या वाटेस जाणार नाही. २०१७ मध्ये स्टेट बँकेची 'सिया' आणि एचडीएफसी बँकेची 'ईवा' अवतरली. २०२३ मध्ये बोलून पैसे पाठविण्याची 'हॅलो यूपीआय' ही सोय जाहीर झाली, तीही आधी हिंदी-इंग्रजीत. आता यंत्रे मराठीही बऱ्यापैकी जाणू लागली आहेत. उद्या ती लातूरची बोलीही बोलतील.

तेवढ्याने प्रश्न सुटेल काय? जोसेफ वायझेनबाउम यांच्या 'एलायझा' या १९६६ च्या संगणकप्रणालीला काहीच समजत नव्हते. ती समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करीत. गोड बोलणे म्हणजे विश्वासार्हता नव्हे. ओटीपी मागणारा ठगही गोडच बोलतो.

रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँक प्रतिनिधींना वाट करून दिली. त्यातून गावोगावी आलेला बँकमित्र चुकला, तर त्याच्या दारी जाऊन जाब विचारता येतो. यंत्र चुकल्यास कोणाच्या दारी जावे? म्हणूनच शिल्लक विचारण्यापुरते यंत्र चालते. रक्कम अडकली की माणूस हवा असतो.

आमच्या मते, बोली ग्राहकास उंबरठ्यापर्यंत आणील. आत थांबवील ते उत्तरदायित्वच. यंत्राला मराठी शिकविणाऱ्या बँकांनी त्याच्या शब्दामागे उभा राहणारा एक माणूसही नेमावा. ज्या शब्दाला कोणी धनी नाही, त्यावर आयुष्याची पुंजी कोण ठेवील?